उपासाला कोळंबी

रोला, शारजा
१२ जुलै १९९८

जाऊबाई,

नमस्कार घालायचा असतो म्हणून घालते. तुम्ही मोठ्या आहात. आशीर्वाद द्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

मी कराड सोडल्यापासून तुमचं एक अक्षर नाही. मीही लिहिणार नव्हते. स्टँडवर, एसटी सुटायच्या वेळी, गल्लीतल्या सगळ्या बायका मला पोचवायला आलेल्या असताना तुम्ही मोठ्यांदा म्हणालात, "जा बाई नर्मदे, लेकाकडे बिनपगारी आया व्हायला जा!" कंडक्टरसुद्धा हसला. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण बातमीच अशी आहे की तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

आम्ही ग्रीसला चाललोय.

हो, ग्रीसला. चष्मा पुसून परत वाचा. आमच्या उपेंद्रचा साहेब तिकडचा, बोटींचा धंदा आहे त्याचा. दुबईच्या ऑफिसात उपेंद्रनं वर्षभर मरमर काम केलं म्हणून खूश होऊन सगळ्या घराला आपल्या बेटावर पाठवतोय. नाक्सोस नाव बेटाचं. आपल्यासाठी वेगळी गाडी, दाखवायला त्यांच्या घरचंच माणूस, कसली घाई नाही. आरामात हिंडायचं आणि ठिकठिकाणी थांबून तिथलं खायचं. 'प्रायव्हेट रिलॅक्स्ड टूर' म्हणतात याला. तुमच्या त्या यात्रा कंपनीसारखं पहाटे शिट्टी मारून उठवत नाहीत आणि बसमध्ये कुणी ओकत नाही.

आणि मी इथे कुणाची आया-बिया नाही, हे नीट ऐका. स्मिता मला चहाचा कपसुद्धा विसळू देत नाही. "आई, तुम्ही बसा." जरा उठले की, "आई, तुम्ही बसा ना." अशी सून तुम्हाला मिळाली असती तर तुम्ही गल्लीत पेढे वाटले असते. सान्वी शाळेतून आली की तिला शेजारची खतीजा सांभाळते. ती म्हसळ्याची आहे. तिचा नवरा अलीमियाँ बंदरावर असतो. आपलंच मराठी बोलते, जरा कोकणी वळणाचं. तर सान्वी तिच्याकडे, आणि मी नुसती सोफ्यावर बसून एसीची हवा खाते. हेवा वाटला तर वाटू द्या.

आणखी एक. उपेंद्र म्हणतो, आई, आता कायमचीच इथे राहा, कराडचं खालचं घर भाड्यानं देऊन टाकू. वर तुम्ही, खाली भाडेकरू. गणपतीपर्यंत काय ते सांग म्हणालाय. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. पण तुम्ही 'ये' म्हणाल याची वाट बघत मी इथे बसलेय असं समजू नका. बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही, मग ते दार माझंच का असेना.

तुमची धाकटी जाऊ
नर्मदा


शारजा
२ ऑगस्ट १९९८

जाऊबाई,

काल तुमचं पत्र आलं. पोस्टाच्या पेटीतून उपेंद्र घेऊन आला तेव्हा मी हात धुऊन, पदर सावरून, खिडकीशी उजेडात जाऊन बसले. उघडलं तर एवढा मोठा निळा कागद कोरा आणि वर एक ओळ. "श्रावण लागला. तिकडे तुझे सोमवार कोण करणार?"

ना ख्याली ना खुशाली. परदेशी टपालाचा खर्च केलात तर निदान गुडघा कसा आहे तेवढं तरी लिहायचं. वर चढता-उतरताना कठडा धरता का? पण नाही. टोमणा मारायचा आणि गप्प बसायचं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

तर ऐका. सोमवार मी करणार. ग्रीसमध्ये करणार. खरं सांगायचं तर तारखा ठरवताना कुणी पंचांग बघितलंच नाही. उपेंद्रनं सान्वीच्या शाळेची सुट्टी बघितली, स्मितानं ऑफिसची रजा बघितली, विमानाच्या जागा बघितल्या. आता तुमचा टोमणा वाचून मी भिंतीवरचं पंचांग काढलं तर काय, दहा तारखेला श्रावणी सोमवार आणि अकराला अंगारकी! खाण्याच्या टूरला निघालोय आणि नेमके टूरचे दोन्ही दिवस मी उपाशी. कर्म माझं.

स्मिता म्हणाली, "आई, प्रवासात चालतं हो, देव समजून घेतो." सान्वी म्हणाली, "आजी, जस्ट चीट!" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मी म्हटलं, देव समजून घेईल, पण कराडला आमच्या जाऊबाई बसल्यात त्या घेणार नाहीत. एकदा का बोट दाखवायला जागा मिळाली की आयुष्यभर, "नर्मदेनं ग्रीसमध्ये उपास मोडला." मी तुम्हाला ओळखत नाही होय?

मग खतीजाला घेऊन रोल्यातल्या दुकानात गेले. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिऱ्याचं पीठ, सगळं घेतलं. बाहेर ऊन असं की चपलेतून चटके बसतात. खतीजा पिशव्या धरून चालताना म्हणते, "आजी, आमच्या रोज्यात पाण्याचा घोट घ्यायचा नाय. आणि तुमचा उपास बगा, दोन पिशव्या सामान!" मी आधी रागावले. मग हसले. मग घरी येऊन तिला साबुदाण्याचे वडे करून घातले. कधी? स्मिता ऑफिसात असताना. ती असली की "आई, तुम्ही बसा" सुरू होतं.

उपेंद्र नि स्मिता संध्याकाळी दुबईहून येतात ते त्या ट्रॅफिकमधून अर्धमेले होऊन. दारातून आत येता येताच माझ्याशी दोन शब्द गोड बोलतात. इथे सगळेच माझ्याशी गोड बोलतात. 

सामान बांधायचंय, म्हणून थांबते. तूप बाटलीत नेऊ की डब्यात? तुम्ही बाटलीत म्हणाला असता. मी डब्यात नेतेय.

नर्मदा


शारजा
१७ ऑगस्ट १९९८, सोमवार (उपास चालू)

जाऊबाई,

दहा तारखेचा सोमवार झाला. अंगारकी झाली. आजचाही चालू आहे. कुठेतरी लिहून ठेवा.

आता ग्रीस. पहिली गोष्ट म्हणजे रिलॅक्स्ड टूर म्हणजे बसायची टूर. आम्हाला हिंडवायला साहेबांची थोरली बहीणच आली होती. देस्पिना नाव. माझ्याच वयाची असेल, जाडजूड, काळा झगा, आवाज खणखणीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे. गाडी अशी हाणते की आपण जीव मुठीत धरून बसावं. पण गाडीतून उतरली की बसलीच. सकाळी बंदरावर कॉफीला बसलो ते ऊन डोक्यावर आलं तरी बसलेलो. उपेंद्र सारखा घड्याळ बघतोय, "मॅडम, व्हॉट नेक्स्ट?" ती म्हणते, "सिगा, सिगा." म्हणजे हळूहळू. रोज शारजाहून दुबईला धापा टाकत पोचायची सवय झालेला माणूस तो, त्याला हळूहळू जमतंय कुठलं! सान्वी तर टेबलाखालून पाय आपटत, "यल्ला, यल्ला!" म्हणजे अरबीत, चला, चला. आणि देस्पिना तिच्या गालाला चिमटा काढून, "सिगा, सिगा."

मग दरवाजा बघायला गेलो. बंदराच्या टोकाला एक टेकाड आहे, त्यावर संगमरवरी दगडाची भलीमोठी चौकट उभी. नुसती चौकट! देवळाला म्हणून बांधली होती म्हणे हजारो वर्षांपूर्वी, देऊळ काही पुरं झालं नाही. मी म्हटलं, आपल्या कराडच्या नगरपालिकेचं काम दिसतंय. उपेंद्रनं ते देस्पिनाला इंग्रजीत सांगितलं. ती इतकी हसली, इतकी हसली, म्हणाली, आमचीही नगरपालिका तशीच. तेव्हाच ती मला आवडली.

पण फार काळ नाही.

तिथून डोंगरातल्या गावी गेलो, एका चीजवाल्याकडे. एवढाली चाकं असतात चीजची, बैलगाडीला लावावीत अशी. त्यानं मातीच्या वाडग्यात दही आणलं, सुरीनं कापावं असं घट्ट, वर मध. मी विचारलं, म्हशीचं का गाईचं? म्हणे मेंढीचं. मेंढीचं दही उपासाला चालतं का, जाऊबाई? तुम्ही असता तर ताबडतोब "नाही" म्हणाला असता. म्हणून मी दोन वाडगे खाल्ले.

देस्पिना काही खाईना. नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसली. उपेंद्रनं विचारलं तेव्हा कळलं की तिचाही उपास! येशूच्या आईचा मोठा सण पंधरा तारखेला असतो, तोवर त्यांनी उपास धरलेला असतो. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, बघा, कुठे कराड, कुठे नाक्सोस, बाईच्या जातीला उपास सुटत नाही. तिचे दोन्ही हात हातात घेतले. उपेंद्रला म्हटलं, सांग तिला, माझाही आज सोमवार आहे.

त्यानं सांगितलं. तिनं माझे हात सोडले. रिकाम्या वाडग्याकडे बोट दाखवलं आणि काहीतरी तावातावानं बोलली. उपेंद्र म्हणाला, "आई, त्या म्हणतात, उपासाला दही? दूध-दही-तूप तर पहिलं बंद करायचं. हा कसला उपास?"

ऐकलंत? मला! चाळीस वर्षं सोमवार करणाऱ्या बाईला!

मग तिनं आपली टोपली उघडली. तिचा उपासाचा फराळ बघून घ्या. पाव. गव्हाचा! त्यावर ऑलिव्हची खारवलेली फळं. आणि डबाभर मोठ्या पांढऱ्या वालांची उसळ. हे सगळं मिटक्या मारत खाल्लंन् आणि वर मला उपास शिकवते. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते यालाच. मी म्हटलं, उपेंद्र, सांग तिला, धान्य नि कडधान्य खाल्लं तर त्याला आम्ही जेवण म्हणतो. तो म्हणाला, "आई, जाऊ दे ना." मी म्हटलं, सांग. त्यानं सांगितलं. तिनं उत्तर दिलं. मी त्याला उत्तर दिलं. मधे उपेंद्र घामाघूम. शेवटी तो म्हणाला, मी बाहेर जाऊन फोटो काढतो. तरी आमचं चालूच, तिचं ग्रीकमध्ये, माझं मराठीत. काही अडलं नाही.

खरी कमाल तर दुपारी. समुद्राकाठी खानावळ, टेबलांचे पाय पाण्याला लागतील अशी. माझ्यासाठी उकडलेले बटाटे आणि टरबूज. उपेंद्रनं माझ्याकडे चोरून बघत काहीतरी मागवलं. तो बाहेर मासे-मटण खातो हे मला माहीत नाही असं त्याला अजून वाटतं. आणि देस्पिनापुढे काय आलं? थाळीभर कोळंबी! लालबुंद, मिशांसकट. मला वाटलं, हिनं उपास सोडला. मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. पण छे! कोळंबी उपासाला चालते म्हणे. का, तर तिला रक्त नसतं. मासा चालत नाही, कोळंबी चालते. आठ पायांचा तो ऑक्टोपस चालतो. मी म्हटलं, मग झुरळानं काय घोडं मारलंय? हे मात्र उपेंद्रनं सांगितलं नाही. स्मितानं तोंडाला रुमाल लावला होता. ती रडतेय की हसतेय मला कळेना.

दुसऱ्या दिवशी, अंगारकीला, मी आणि देस्पिना गाडीत एकमेकींशी बोललो नाही. मी खिडकीतून डावीकडे बघत होते, ती समोर. सान्वी म्हणाली, "आर दे फायटिंग? दे डोन्ट ईव्हन नो ईच अदर!" त्या दिवशी जेवण देस्पिनाच्या घरी होतं, तोच टूरचा शेवटचा कार्यक्रम. मी आपली नेहमीप्रमाणे खुर्ची बघून बसायला गेले. तर ही बया आली, माझ्या पुढ्यात परातभर बटाटे आपटले, सुरी हातात दिली, आणि मानेनं खूण केली, सोल.

जाऊबाई, मी सोलले. सगळे सोलले. काय बटाटे होते! नाक्सोसचे बटाटे सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेले आहेत, आणि ते मात्र अगदी खरं. हातात सुरी, पुढ्यात परात, शेजारी एक कुरकुरणारी बाई. मग मी उठून पिशवीतून भिजवलेला साबुदाणा काढला आणि चुलीचा ताबा घेतला. तुपाचा डबा उघडला तर तिनं झाकण दाबून धरलं. दूध-तूप बंद! तिनं ऑलिव्हच्या तेलाची बाटली पुढे केली. आता ऑलिव्हचं तेल उपासाला चालतं का, हे आपल्या कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मी जरा विचार केला. दाण्याचं चालतं तर हे का नको? घातलं. बटाटा तिलाही चालतो, मलाही. दाणे तिलाही, मलाही. साबुदाणा तिनं चावून बघितला, वास घेतला, कपाळावर-छातीवर हात लावून देवाचं नाव घेतलं आणि मान डोलावली. झालं! सगळ्या बेटावर आम्हा दोघींना चालेल असा एकच पदार्थ निघाला आणि तो मी परतत होते.

एवढ्यात हिनं वरून कसलासा वाळका पाला चुरडून घातला. माझ्या खिचडीत! मला न विचारता! मी झारा उगारला. तिनं झारा धरला. मी ओढला, तिनं ओढला. मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही.

खिचडी दोघींनी खाल्ली. कशी झाली ते सांगणार नाही.

संध्याकाळी चंद्राची वाट बघायला ती माझ्यासोबत गच्चीवर बसली. पंचांगात मुंबईचा चंद्रोदय दिलेला, त्याचा तिथे काय उपयोग! चंद्र दिसला तेव्हा तिनेच आधी बोट दाखवलं आणि "नर्मदाऽ!" म्हणून हाक मारली. मला "नर्मदा" अशी हाक कुणी मारून किती दिवस झाले. इथे मी आई आणि आजी.

एकंदरीत सहल उत्तम झाली. त्याच रात्री निघताना बोटीवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यामुळे. अंगारकीला कांदा कुठून आला असं विचारू नका.

नर्मदा


शारजा
२० ऑगस्ट १९९८

जाऊबाई,

तुमचं दुसरं पत्र आज आलं. या खेपेला तीन ओळी! हात दुखला नाही ना? "खालच्या घराला बिऱ्हाड बघितलं आहे. बाई फार शांत आहे. दिवसभर आवाज म्हणून नाही."

मी ते वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. स्मिता म्हणाली, "आई, तुम्ही बसा." मी म्हटलं, नाही बसत. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी इतकं तुसडं बोलले. बिचारी गोंधळली.

आता जे झालं ते सांगते. परवा रात्री जेवताना उपेंद्र म्हणाला, "आई, तू त्या देस्पिनाबाईंना 'जाऊबाई' म्हणालीस."

मी म्हटलं, कधी?

"झारा ओढत होतीस तेव्हा. 'जाऊबाई, माझ्या खिचडीला हात लावायचं काम नाही, सांगून ठेवते!' असं म्हणालीस."

"तुला ऐकू आलं?"

"आई, बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल."

त्यानं भात कालवला. मग म्हणाला, "इथे तुला कमी काय आहे? मनापासून विचारतोय. स्मिता काही बोलते का तुला?"

मी म्हटलं, तेच तर. काही बोलत नाही. कुणीच काही बोलत नाही. मी भाजीत मीठ विसरले तर तुम्ही दोघं मुकाट्यानं खाता आणि वर "छान झालीय" म्हणता. मला नुसती देव्हाऱ्यात बसवून ठेवलीय. सकाळी दार लागलं की दिवसभर त्या एसीची घरघर. खतीजा पोरीला घेऊन जाते, तेव्हा मला वाटतं, माझ्याकडे दे ना तिला, मला काय धाड भरलीय? पण मी मागत नाही, कारण मी कराडला ऐकून आलेय ना, आया म्हणून. पाणी कुठलं आधी भरायचं, दोरीवर कुणाचं लुगडं कुणाच्या कपड्यावर पडलं, पापडखाराचं प्रमाण कुणाचं बरोबर, एवढ्यावर आमचा दिवस जायचा रे. भांडण झालं की दुपारी मी वरच्या जिन्याकडे पाठ करून बसायची, आणि चारला चहा उकळला की वरून आवाज, "दोन कप कर गं." इथे चार वाजतात आणि मी एक कप करते.

हे सगळं मी एका दमात बोलले. स्मिता आधी हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आई, मी ओरडू का तुमच्यावर?" मी म्हटलं, ओरड बघू. तिनं बराच विचार केला, घसा साफ केला आणि म्हणाली, "तुम्ही... तुम्ही चहात साखर फार घालता!" आणि लगेच, "सॉरी हं आई." गुणाची पोर आहे, पण तिला नाही जमणार. त्याला चाळीस वर्षं एका घरात काढावी लागतात.

सान्वीनं निकाल दिला. "डॅड, आजी इज होमसिक फॉर अ फाइट." त्यावर उपेंद्र म्हणाला, "खलास. मी तिकीट बघतो." आणि उठून हात धुवायला गेला तो बराच वेळ नळ सोडून उभा होता. माझा लेक आहे तो, मला कळतं. जाताना त्याला सांगेन की सुट्टीत पोरीला घेऊन कराडला ये, आणि येशील तेव्हा मला कामाला लाव. इथे आले की मीही कामं मागून घेईन. हे मला आधीच सांगायला हवं होतं.

तर रविवारच्या विमानाचं तिकीट काढलंय. मुंबईहून एसटीनं कराड, गणपतीच्या आत पोचते. त्या शांत बाईला नाही म्हणून सांगा. तिला दुसरीकडे कुठेही घर मिळेल, कराडात घरांना तोटा नाही. दिवसभर आवाज नसलेल्या बाईबरोबर तुम्ही काय कराल हो? तीन दिवसांत तुम्हाला ताप भरेल. आणि हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर लिहिलंत. "शांत आहे" म्हणे! 'ये' एवढं एक अक्षर लिहायला तुमच्या हाताला लकवा झाला होता का? बरं, नका लिहू. मी येतेय.

खतीजा हे पत्र टाकायला न्यायला आली होती. म्हणाली, "आजी, तुमी पत्राच्या आदी पोचाल." खरंच की! म्हणून पत्र टाकत नाही, पिशवीत घालून बरोबर आणते. वरच्या जिन्याच्या पायरीवर उभी राहून तुम्हाला वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. दार उघडायचं, समोर बसायचं, आणि माझं संपेपर्यंत मधे एक शब्द बोलायचा नाही.

नाही, नाही, जाऊबाई. बोला. मधेमधे बोला.

तुमची
नर्मदा